गाणी भरून मिळतील

शिलाई मशीनच्या खणात काल नखाएवढं जुनं मेमरी कार्ड सापडलं आणि आकुर्डी स्टेशनजवळचं मोबाइलचं दुकान आठवलं. ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी होती तिथे.

माझे धाकटे दीर चाकणच्या कंपनीत होते. त्यांनी हौसेने स्वतःच्या गाण्यांची सीडी काढली होती. ती खपली की शिफ्ट सोडून फक्त गायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. माझ्या फोनच्या कार्डात गाणी भरायला मी आणि भाऊजी त्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, “ताई, हे टाकू का? कंपनी बसमध्ये सगळ्यांकडे हेच वाजतंय.” त्याने लावलेला आवाज भाऊजींचा होता!

मी भांडायला पुढे झाले, पण भाऊजींनी मला थांबवलं. चेहरा फुलला होता त्यांचा. “कोण गातंय हे, राव?”

“नाव नाही माहीत, भाऊ. पण माणूस भारी आहे!”

“मग भरा.”

सीडी खपली नाही. भाऊजींची शिफ्टही सुटली नाही. त्या दुकानदाराला मी आजही चोरच म्हणते. पण सीड्या ओल लागून गेल्या, आणि लेक पैसे भरून जे ॲप वापरते त्यात भाऊजींचं एकही गाणं नाही. उरलं ते चोरलेलंच.

संध्याकाळी भाऊजींना ते ऐकवलं.

“कोण गातंय हे, वहिनी?”

“नाव नाही माहीत,” मी म्हटलं, “पण माणूस भारी आहे.”