फेस बसेपर्यंत

चांगली बिअर प्यायला युरोपातल्या कुठल्या देशात जावं, हे आम्ही दोघांनी धारवाडात, शाळेचा जुना नकाशा जमिनीवर पसरून ठरवलं. तोवर आम्हा दोघांपैकी कुणीही बिअरचा थेंब चाखलेला नव्हता, पण त्यावाचून आमचं काही अडलं नाही.

मी आणि माझा मित्र हुबळीच्या एकाच कचेरीत इमारतींची ड्रॉइंगं काढायचो. वर्षभराच्या शिक्षणासाठी विलायतेला एकच जण जाणार होता. अर्ज दोघांनी केले, निवड त्याची झाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो एक छापील कागद घेऊन घरी आला. परतीच्या वाटेवर कुठल्याही एका देशात चार दिवस उतरायची मुभा होती आणि देशाचं नाव सोमवारच्या टपालाने कळवायचं होतं.

"देश तू ठरव," तो म्हणाला. "ते चार दिवस तुझे की रे."

माझा राग तिथेच विरघळला. राजवाडे आणि देवळं चित्रांत पाहून झाली होती. आमचा साहेब मात्र जिच्या आठवणीने रोज दुपारी उसासे टाकायचा, ती बिअर चित्रात कळण्यातली नव्हती. म्हणून बिअर.

बेल्जियमवर अंगठा ठेवला की देशच दिसेना, तो बाद. डेन्मार्क थंडीपायी बाद, कारण मित्राला धारवाडच्या श्रावणातच कानटोपी लागायची. उरले जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया. इथे मी अडलो. माझ्या वाट्याला आयुष्यात चारच दिवस युरोप आला होता, तोही दुसऱ्याच्या पायांनी, आणि तो चुकवायचा नव्हता.

शेवटी गोव्याच्या गाडीवरच्या एका ओळखीच्या खानसाम्याने दोन्ही देशांची एकेक बाटली आणून दिली. मित्राच्या अक्काकडे आम्ही ताक प्यायला म्हणून दोन भांडी मागितली. "पितळी नेऊ नका, ताक कळकतं," म्हणून तिने नुकती कल्हई केलेली दिली. रविवारी भर उन्हात, बाटल्या सायकलच्या कॅरिअरला बांधून आम्ही रायापूरच्या पुढे एका चिंचेखाली पोचलो.

सायकलच्या पान्याने जर्मनीचं बूच उडवलं आणि अर्धा देश मित्राच्या धोतरावर गेला. उरलेला भांड्यात ओतला तर नुसता फेस.

"नासलीय काय की," मित्र म्हणाला.

मला तसं वाटेना. दूध उतू आलं की आपण काय करतो, ते मी केलं. या भांड्यातून त्या भांड्यात, हात उंच करून, धार धरून. फेस दुप्पट झाला. आम्ही आळीपाळीने ओतत राहिलो, हसता हसता हातातली भांडी हिंदकळत राहिली. मित्र "साकु, साकु" म्हणत पोट धरून मातीत बसला, पण पुरे करायला मी तयार नव्हतो. आधी जर्मनी, मग चेकोस्लोव्हाकिया, एकेकीचा फेस पार मेल्यावरच आम्ही ती, ओठ न लावता, वरून घशात सोडली. चव काडेचिराइताच्या काढ्याची. दोन्हींची सारखीच. मात्र चेकोस्लोव्हाकियाचा फेस लवकर बसला होता, म्हणजे माल चांगला, असा निकाल मी दिला आणि तिथेच कागदावर नाव लिहिलं.

भांडी परत देताना अक्काने ती हुंगली. "ताक आंबलं होतं की रे. कशाला प्यालात?"

पुढच्या वर्षी त्याचं कार्ड आलं. मी ते कचेरीत उभ्यानेच वाचलं.

"तुझ्या देशात पोचलो. इथे पेल्यावर चार बोटं फेस मुद्दाम ठेवतात. मी आपला सवयीने एक रिकामा पेला मागितला, ओतायला. वाढप्याला वाटलं, कुणी सोबती यायचाय. त्याने तोही भरून आणला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीपुढे ठेवला. मी तो राहू दिला. तुझा फेस बसेपर्यंत थांबलो, मग तोही मीच प्यालो."