लाल पंपाची दुरुस्ती

कोर्टाच्या व्हरांड्यात बाक रिकामा होता, पण मिस्त्री बसेना. भिंतीपासून जिन्यापर्यंत त्याच्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. एकतीस वर्षं त्याने सरकारी खात्याचे हातपंप दुरुस्त केले. आज त्याच खात्याविरुद्ध गावाच्या दाव्यात त्याची साक्ष होती. पाण्यातल्या फ्लोराइडने पोरांचे दात तपकिरी झाले होते, मोठ्यांचे गुडघे आखडले होते. दावा करणाऱ्यांत पहिलं नाव त्याच्या थोरल्या बहिणीचं.

खात्याचं म्हणणं होतं, पाणी तपासून आम्ही पंपाला लाल रंग दिला, म्हणजे पिऊ नका. पुढची जबाबदारी पिणाऱ्याची. रंगाचा अर्थ गावात कुणी सांगितलाच नव्हता.

रंग वाळतोय तोच पंप बिघडला आणि खात्याच्या साहेबांनी मिस्त्रीला धाडलं. त्याने पाइप उपसले, चामड्याचे वायसर बदलले, बेअरिंग बसवलं. काम उरकून टाकायची त्याला सवय नव्हती. पंप एका हाताने चालू लागला. शाळेमागच्या चांगल्या पाण्याच्या पंपाला दोघी लोंबकळल्या तरी धार येत नव्हती. त्या पंपाचं सामान मिस्त्रीने खात्याकडे तीनदा मागितलं, आलं नाही. बायका हलक्या झालेल्या लाल पंपावर गेल्या.

व्हरांड्यात तेच साहेब जवळ आले. "लेखी हुकूम नव्हता, लक्षात ठेव. लोकांनी गळ घातली म्हणून केलं, असं सांग. म्हातारपणी गळ्यात लचांड कशाला?"

"कुणाच्या गळ्यात, साहेब?"

आत सरकारी वकिलाने विचारलं, "दुरुस्तीचा हुकूम दाखवा."

"तोंडी होता. पण वायसर काय मी घरच्या चपला कापून केले? स्टोअरमधून घेतले. रजिस्टरात त्याच पंपाचा नंबर आहे, साहेबांची सही आहे."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी रजिस्टर हजर करायला सांगितलं. मग विचारलं, "लाल रंगाचा अर्थ तुम्हाला माहीत होता?"

मिस्त्रीने कठडा घट्ट धरला. "होता."

"तरी दुरुस्त केला?"

"केला. आणि चांगला केला."

बाहेर ताई बाकावर बसली होती. उघड्या दारातून सगळं ऐकलं होतं तिने.

"माझ्या भावाने पंप फुलासारखा हलका केला म्हणून गावभर मिरवत होते रे मी! एका शब्दाने सांगितलं असतंस, मेल्या."

मिस्त्री तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आता खांबासारखा उभा काय राहिलास? उठव मला."

त्याने तिच्या काखेत हात घातले. ती उभी राहीपर्यंत दोघांनाही दम लागला.