धुऱ्यावरची तूर

आमगावच्या कृषी केंद्राचा मालक बुरशीला घरच्या पाहुण्यासारखं जपतो. मुळांना ओलावा शोधून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीची पाकिटं तो उन्हाच्या फळीवर मांडत नाही, माठाच्या सावलीत ठेवतो. "जित्ती हाय जी," म्हणतो.

आमच्या बांधीत धानाला पाणी मिळतं, पण वरच्या धुऱ्यावर, उंच बांधावर लावलेली तूर दिवाळीनंतर तहानेनं माना टाकते. म्हणून पेरणीआधी मी पाकीट घेतलं. त्यानं सवयीनं बियाण्याला चोळायचं बुरशीनाशकही पुढे सरकवलं.

"अहो, यानं ती बुरशी मरणार नाही का?"

तंबाखूचा खर्रा चघळणारं त्याचं तोंड थांबलं. "मी तं मांगच्या साली दोन्ही लावले. मंग माही तूर काऊन वाढली?"

बुरशीनाशक त्यानं मागे घेतलं, पुढे केलं, पुन्हा मागे घेतलं.

परवा तो स्वतःच्या धुऱ्यावर दिसला. शेंगांनी लगडलेलं झाड उपटून, मुळं उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून पाहत होता.

"बुरशी दिसून नाही राह्यली जी."

मग ते झाड त्यानं त्याच खड्ड्यात उभं केलं, पायानं माती दाबली आणि मला विचारलं, "जगन ना जी हे?"