रताळी निघाली की जाऊ

भीती या विषयात कुठे पदवी मिळत असती, तर माझ्या ताईच्या यजमानांना ती घरपोच आली असती, आणि पाकिटात काय असेल या धास्तीनं त्यांनी ती न उघडताच कपाटात ठेवून दिली असती. भाऊजी लिफ्टला घाबरतात, आणि जिना चढताना छातीत धडधडतं म्हणून जिन्यालाही घाबरतात. उभा जन्म कारखान्यात अजस्र यंत्रं जोडण्यात गेला, पण ताईनं घरचा मिक्सर लावला की हे अंगणात जाऊन उभे. "यंत्रं काय चीज असतात ते मला माहीत आहे ना, म्हणून," असं वर आम्हालाच ऐकवतात. एकदा मी भोपाळच्या दुसऱ्या टोकाहून, कोटऱ्याच्या माझ्या घरून, त्यांच्याकडे निघाले आणि वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकले, तर तेवढ्या वेळात यांनी माझ्या मुलांना पुढे कोण सांभाळणार हे ताईशी बोलून पक्कं करून टाकलं होतं. मी दारात पोचले तेव्हा त्यांना आनंद झालाच, पण जरा हिरमुसलेही.

अशा माणसानं निवृत्तीनंतर अयोध्या नगरातल्या घरामागच्या तुकड्यात रताळी लावावीत, म्हणजे कमालच. आत मातीत काय शिजतंय ते महिनोन्‌महिने कळत नाही. "टोमॅटो लावा भाऊजी, निदान डोळ्यांना दिसतो तरी," मी म्हटलं. "दिसलं की जास्त भीती वाटते गं," ते म्हणाले. पण शेती बघावी तर त्यांचीच. भीतीनं त्यांना पक्का शेतकरी केलं होतं. बेणं बाजारातलं नको, कीड घेऊन येईल. म्हणून आपल्याच वेलाचे शेंडे तोडून लावायचे. उन्हात माती उघडी नको म्हणून कॉलनीभरचा पालापाचोळा गोळा करून वाफ्यांवर पांघरायचा. खत शेणाचं आणि स्वयंपाकघरातल्या सालींचं, पाणी तांदूळ-भाज्या धुतलेलं, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी चवळी, जमिनीला विसावा म्हणून. भेग ही तर त्यांची जन्माची वैरीण. वाफ्याला भेग पडली की त्यातून सोंडकिडा खाली उतरतो आणि रताळं आतून पोखरतो, म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी हे उकिडवे बसून बोटानं एकेक भेग बुजवणार. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, "भाईसाब, इतना क्या डरना, थोड़ी दवाई मार दो." भाऊजींनी फक्त मान हलवली. फवाऱ्याच्या वासाची भीती का वाटते, हे वायुकांड भोगलेल्या भोपाळमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेजारीही मान खाली घालून आत गेले.

दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या गळ्याशी हाताला गाठ लागली. डॉक्टर म्हणाले, छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवू, काय ते कळेल. काय ते कळेल, हेच तर त्यांना नको होतं. "रताळी निघाली की जाऊ," भाऊजी म्हणाले. रताळी दिवाळीत निघायची होती, म्हणून आम्ही दोघी बहिणी गप्प बसलो. दिवाळीत ते म्हणाले, अजून पानं हिरवी आहेत. मग म्हणाले, थंडीत गोडी भरते. संक्रांत गेली. मी फोनवर तब्येत विचारायचं सोडून "निघाली का रताळी?" एवढंच विचारायची, आणि ताई नुसतं "नाही" म्हणायची. गाठ वाढत होती. ते शर्टाचं वरचं बटण लावून ती झाकायचे, आणि बाकी सगळ्या जगाला घाबरायचे: गॅसच्या नळीला, पालीला, कुकरच्या शिट्टीला. एवढ्या भीतींच्या गर्दीत ती एक भीती त्यांनी कुठे लपवली होती ते कळत होतं, पण बोलायची हिंमत कुणात होती? ताई दिवसा हसायची. मला मात्र तिचे सुजलेले डोळे दिसायचे.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी सकाळीच गाडी घेऊन गेले, तर ताई पदर खोचून वाफ्यात उभी, हातात कुदळ. "उद्या उपासाला मला घरची रताळी हवीत," ती म्हणाली, आणि तिनं पहिला घाव घातला. भाऊजी आतून धावत आले. "अगं, कापली जातील. सर बाजूला." मग स्वतः बसून दोन्ही हातांनी माती उकरू लागले. वरची रताळी टपोरी, गुलाबी निघाली. मला वाटलं, सुटलो बाई. पण जसजसा हात खाली गेला तसतशी भोकं पडलेली, काळी, कडवट वासाची निघत गेली. भाऊजींनी त्यातलं एक बोटानं फोडून पाहिलं.

"दिवाळीत काढली असती तर ही सगळी चांगली असती."

"हो," ताई म्हणाली.

त्यांनी हात धुतले. "किडकी खतात टाकू नकोस, लांब नेऊन जाळ. शेंडे तेवढे ओल्या गोणपाटात ठेव," असं ताईला सांगितलं, आणि मग मला म्हणाले, "तू आलीच आहेस तर चल. डॉक्टर असतील ना आत्ता?" मी किल्ली घेतली. माझीच पाचावर धारण बसली होती.

ताई मागे बसली, ते माझ्या शेजारी. महाराणा प्रताप नगरच्या चौकात एरवी मी हॉर्न वाजवला तरी दचकणारा हा माणूस समोर बघत शांत बसला होता. मला ती शांतता सोसवेना. मुद्दाम म्हटलं, "भाऊजी, केवढा ट्रक अंगावर येतोय बघा."

"येऊ दे," ते म्हणाले.

तुकडा काढून झाला, रिपोर्ट अजून यायचा आहे. काय येईल ते येवो, पण देवा, त्यांना पुन्हा ट्रकला, पालीला, मिक्सरला घाबरू दे. त्यांच्या वाटणीची भीती मी बाळगतेय, आणि मला ती मुळीच झेपत नाही.