बाबांची उतरणारी विमानं

आमचे बाबा फक्त उतरणाऱ्या विमानांचे फोटो काढायचे. उडून जाणाऱ्या विमानाकडे ते कॅमेरा वळवायचेसुद्धा नाहीत. हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली. शेवटची बदली लखनौला झाली आणि साताऱ्याला परतण्याऐवजी त्यांनी इथेच विमानतळाजवळच्या वृंदावन योजना या वसाहतीत घर घेतलं. गच्चीवरून विमानं इतक्या खालून जायची की आईला फोनवर धड बोलता येत नसे. आईच्या मते घराची हीच मोठी खोट होती. बाबांनी मात्र घर घेतलंच होतं त्यासाठी.

संध्याकाळी कठड्यावर चहाचा कप आणि गळ्यात जुना कॅमेरा, असे ते पूर्वेकडे तोंड करून उभे राहायचे. लांबवर दिवा लुकलुकला की जिन्यातून हाक यायची, "आलं गं, आलं!" मावळतीचं ऊन समोरून विमानाच्या तोंडावर पडायचं आणि विमान सोन्यासारखं दिसायचं. मला विमानांचं एवढं काही नव्हतं. बाबांचा तेव्हाचा चेहरा बघायला मी धावायची. पुढे नोकरीसाठी मी बंगळुरूला गेले. दिवसाउजेडी मी ज्या ज्या विमानाने घरी आले, त्याचा फोटो मी बॅगेची वाट बघत असतानाच माझ्या फोनवर यायचा. खाली एकच शब्द असायचा, "पोचलीस."

मग मला टोरांटोची नोकरी लागली. आई रडली, भांडली आणि शेवटी लाडू करायला बसली. बाबा "छान" म्हणाले आणि गच्चीवर गेले. मी जाणार हे ठरलेलंच होतं, पण त्यांनी मनापासून निरोप द्यावा, एवढंच मला हवं होतं. तो काही मिळेना. मलाही विचारायचा धीर होईना, म्हणून मी कॅमेऱ्याच्या मागे लागले. उडून जाणाऱ्या विमानाचा एक फोटो त्यांनी काढला, तरी मी तोच निरोप मानणार होते.

महिनाभर इंटरनेटवर डोकं खपवून मी एक भलीमोठी लेन्स शोधली आणि बाबांना हजरतगंजातल्या दुकानात ओढत नेलं. त्यांनी ती दुधी भोपळा जोखावा तशी हातात जोखली आणि काउंटरवर ठेवली.

"माझी विमानं डोक्यावरून जातात. यातून नुसतं पोट दिसेल, विमान नाही."

"बाबा, यार, आप भी ना! उडालेली विमानं लांब असतात, त्यांना लागते ही."

दुकानदारानेही री ओढली, "हाँ अंकल, जाने वाली फ्लाइट भी तो लीजिए."

"जाने वाले की पीठ का क्या फोटो, भैया," बाबा म्हणाले आणि आपल्या जुन्या लेन्सएवढीच, पण वजनाला हलकी अशी एक निवडून मोकळे झाले. मला इतका राग आला की मेट्रोत आलमबाग येईपर्यंत मी तोंड फुगवून बसले होते. घराच्या दारात मात्र राहवलं नाही. "माझ्या विमानाचा तरी काढाल ना?" मी विचारलं. ते वाकून चपला काढत राहिले.

मी निघाले त्या सकाळी पुरवाई सुटली होती. लखनौत असा पूर्वेचा वारा सुटला की विमानतळाचा कारभार उलटा होतो. उतरणारी विमानं पलीकडून येतात आणि उडणारी आमच्या घराकडे झेपावतात. विमान उडताच खिडकीला नाक लावून मी आमची गच्ची शोधली, पण सगळ्या गच्च्यांवर त्याच काळ्या टाक्या. काही ओळखू आलं नाही.

दिल्लीत उतरून फोन चालू केला तर एकच फोटो आला होता. विमान समोरून, तोंडावर सकाळचं ऊन, चाकं अर्धी पोटात गेलेली. खाली एक शब्दही नव्हता. मी तिथूनच घरी फोन लावला. तो आईने उचलला.

"अगं, विमान सरळ आपल्याकडेच येत होतं. बाबा म्हणाले, ही तर तोंड दाखवत चाललीय. एक फोटो काढला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला."

"मग?"

"मग काय! तू डोक्यावरून गेलीस तसे गर्रकन वळले आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागले, 'जा बाळा, जा, नीट जा!' दिसेनाशी झालीस तरी ओरडतायत आपले. शेजारचे भैया पळत आले, अंकल को क्या हुआ म्हणून. आता चहा घेतायत. देऊ का फोन?"

मी नको म्हणाले. त्या फोटोखाली एकच शब्द लिहून मी बाबांना पाठवला, "निघाले."