खालून फुटू नये म्हणून

आमच्यात सून सासू-सासऱ्यांचं नाव घेत नाही. पण माझ्या सासूबद्दल लिहायचं, तर नावाशिवाय कसं लिहू? म्हणून एकदाच सांगते. ती बुर्माकान, सासरे सुबान आणि मी शायिरकुल. माझा नवरा रशियात बांधकामावर असतो, त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

आमचं गाव डोंगरांमधल्या मोठ्या तळ्याच्या दक्षिणेला आहे, आणि गावात घरटी एक तरी माणूस यर्ट, म्हणजे लोकरीच्या जाड नमद्यांनी मढवलेलं, उचलून नेता येणारं गोल घर, बांधतो. यर्टच्या भिंतीची जाळी विलोच्या पट्ट्यांची असते. पट्टीला भोकं पाडायची नि भोकांतून ओल्या चामड्याची वादी ओवून गाठ मारायची. भोकं सासऱ्यांची, गाठी सासूच्या. सासू लग्न होऊन आली तेव्हा ते धनुष्याच्या दोरीवर फिरणारं गिरमिट वापरत, नंतर बॅटरीचं ड्रिल आलं. तीस वर्षं ती त्यांच्याकडे पाठ करून वाद्या ओवत बसली आणि पाठमोरीच सांगत राहिली, "ही पट्टी गेली हो. खालून फुटली." उलटून बघावं, तर खरंच भोकाच्या मागच्या बाजूला चिरफळी निघालेली असायची. सासरे चिडायचे. "कान आहेत का काय! बाई, तूच चालव हे!" ती म्हणायची, "चालवलं असतं. मग गाठी तुम्ही मारल्या असत्या का?"

मी नुसत्या पट्ट्या उचलून देई, तरी ड्रिलच्या बाबतीत सासरे माझ्या जिवाचा संताप करत. पट्टी शिकंज्यात घट्ट आवळलेली हवी, खाली फळकूट हवं, बाह्या वर, रुमालाची टोकं आत. पातं बदलताना आधी बॅटरी काढायची. आणि हातमोजे नाहीत म्हणजे नाहीत, कितीही थंडी असो. लोकर पात्यात अडकली की हात सोबत ओढून नेते. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दुसरं काम नाही.

एका शरदात सासूच्या पोटात पाणी भरलं. मोठ्या दवाखान्याने तिला घरी पाठवलं. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. आमच्याकडे माणूस गेलं की अंगणात यर्ट उभारतात, आणि मातीला नेईपर्यंत ते त्यात असतं. आमच्या घरात स्वतःचं यर्ट नव्हतं. जे बांधलं ते दारातूनच दुसऱ्याकडे गेलं. सासू म्हणाली, "जन्मभर लोकांच्या जाळ्या ओवल्या. मला मागून आणलेल्या घरात झोपवू नका." सासऱ्यांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन पट्ट्या काढल्या.

सहा जाळ्यांचं घर करायचं होतं. छपराच्या काठ्या आणि नमदे तयार होते, जाळ्या तेवढ्या बाकी. कामाचा आवाज ऐकू यावा म्हणून तिची गादी खिडकीशी सरकवली. गाठी आता मी मारत होते. चार जाळ्या झाल्या. पाचवीच्या वेळी तळ्यावरून असा वारा सुटला की बोटं वाकेनात. दुपारी मी चहा घेऊन गेले, तर सासरे राखाडी हातमोजे घालून भोकं पाडत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात डाव्या मोज्याचा धागा पात्याला गुंडाळला गेला. किंचाळले ते नाहीत, मी किंचाळले. दोन बोटं उखडली होती. शेजारच्या केनेशने त्यांना गाडीत घालून तालुक्याला नेलं.

आत सासू होती. ड्रिल थांबलेलंच राहिलं तर तिला सगळं कळणार. मला दुसरं काही सुचेना. मी रक्त पुसलं, ड्रिल उचललं आणि खिडकीखाली उभी राहून नुसतंच फिरवत राहिले. थोडं थांबायचं, पुन्हा फिरवायचं. माझीच मला लाज वाटत होती.

"शायिरकुल," आतून हाक आली, "आत ये. ते हवेत फिरतंय. हात कुणाचा गेला?"

मी सांगितलं. तिने मग विचारलं, "मोजे होते?"

"नव्हते, आई."

"होते. सकाळी मीच दिले. म्हटलं, घाला हो, कोण बघतंय, मला घाई आहे." आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने पट्ट्या आणि कामाचं बाकडं घरात आणायला लावलं. "तू पाड भोकं."

"मला येत नाही."

"जीभ तर बरी चालते. शिकंजा आवळ. आणखी. खाली फळकूट ठेवलंस? आता हळू सुरू कर, पातं बसू दे. सरळ धर ग! ... आता वेग दे. दाबू नकोस, ते आपलं आपण जाईल. आता हळू, हळू, आवाज पातळ झाला ना, म्हणजे शेवट आलाय. इथेच फुटतं."

पहिल्या नऊ पट्ट्या मी फोडल्या. दहावीला ती काही बोलली नाही. उलटून बघितलं, तर भोक मागूनही स्वच्छ होतं. सासरे दवाखान्यातून आले ते हाताला पांढरं बोचकं बांधून. दाराशी बसून आमच्याकडे बघत राहिले. सासूने त्यांना विचारलं, "दुखतंय का?" ते म्हणाले, "नाही. तुला?" ती म्हणाली, "नाही." दोघंही खोटारडी.

पाचवी जाळी झाली. सहावीच्या अकरा पट्ट्या उरल्या असताना, एका सकाळी, "हळू" म्हणायचं तिथे ती बोलली नाही. मी ड्रिल थांबवलं. तिचे डोळे उघडेच होते.

आयाबाया जमल्या. मी रुमालाची टोकं आत खोचली आणि उरलेल्या अकरा पट्ट्या घेऊन अंगणात बसले. केनेशची बायको म्हणाली, "घरात मयत, आणि ही बया यंत्र चालवते! आमची जाळी आहे ना, घ्या की." मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझा कान पात्याकडे होता. सासऱ्यांनी उजव्या हाताने वाद्या भिजवून दिल्या, बायकांनी ओवल्या. दुपारपर्यंत यर्ट उभं राहिलं आणि सासूला आत नेलं.

बाहेर पुरुष काठीवर वाकून मोठ्याने रडत होते. त्यांत सासऱ्यांचा आवाज वेगळा ओळखू येत होता. आत आम्ही बायका रिवाजाप्रमाणे जाळीकडे तोंड करून बसलो. सुनेने सासूचे गुण गात विलाप करायचा असतो. सगळ्या माझीच वाट बघत होत्या. मला एक ओळ आठवेना. समोर सहावी जाळी होती. मी हात घालून शेवटच्या पट्ट्यांची मागची बाजू चाचपली, एकेक भोक, अकराही पट्ट्या. कुठेच चिरफळी लागली नाही.

"आई," मी म्हटलं, "एकही फुटली नाही ग." आणि मग मला रडू आलं.