बांधातलं इरलं

भागूबाई साठीला टेकली तरी एका धोंड्यावर जळत होती. माणसावर जळणं आपण समजू शकतो, पण पेज नदीच्या बांधावर शेंदूर फासून बसवलेल्या धोंड्यावर कोण जळतं? भागूबाई जळत होती, कारण त्या धोंड्याला गाव बायजा म्हणायचं, आणि बायजा तिची थोरली जाऊ.

गावाची कथा अशी: तीस-बत्तीस वर्षांमागे श्रावणातल्या पुरानं बांध फुटायला लागला, तेव्हा बायजानं स्वतःला भगदाडात गाडून घेतलं आणि शेतं वाचवली. पुरावा काय, तर तिचं इरलं. लावणीला पाठीवर घेतात ते पानांचं इरलं, त्याला बायजेच्या लुगड्याची लाल चिंधी. ते बांधाच्या चिखलातून डोकावताना लोकांनी पाहिलं आणि बायजा पुन्हा गावात दिसली नाही. झालं! तेव्हापासून भाताची पहिली लोंबी धोंड्याला, नव्या नवरीचा पहिला नमस्कार धोंड्याला. भागूबाईच्या स्वतःच्या सुनासुद्धा सासूच्या आधी त्या जावेच्या पाया पडून घरात आल्या. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तशी ती बायजा जिवंत असतानाही जळायचीच, ते लपवायचं कारण नाही. बायजा देखणी, बोलायला गोड, सासूच्या तोंडी सदा तिचंच नाव. आणि मेल्यावरही मान तिचाच!

खरं काय ते भागूबाईला ठाऊक होतं. त्या दिवशी पुरुष पलीकडच्या काठी अडकलेले, बायका पोरं घेऊन टेकाडावर पळालेल्या. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून दगड, पेंढा, झुडपं भगदाडात कोंबली ती भागूनं. काठावर थिजून उभ्या असलेल्या बायजेच्या पाठीवरचं इरलंही तिनंच ओढलं आणि कोंबलं. बायजा दुसऱ्या दिवशी कशेळ्याला माहेरी गेली ती तिथंच पटकीनं मेली. हे जाणणारी घरची मोठी माणसंही त्याच साथीत गेली. पुढं भागू सांगायला गेली की बाया तोंडाला पदर लावायच्या. "म्हातारीच्या पोटात अजून दुखतंय गं!"

अशात कर्जतचे एक शाळामास्तर गावोगावच्या हकिकती लिहून घेत आले. भागूबाईनं त्यांना ओटीवर बसवून घेतलं.

"मास्तर, बांधात बायजा नाय, तिचं इरलं हाय. आन ते मी कोंबलंय. लिवा!"

"आजी, एकट्या तुमच्या सांगण्यावर कसं लिहू? पडताळून बघतो."

मास्तर चिवट माणूस. खरंच कशेळ्याला चालत गेले. आठ दिवस भागूबाईला घास गोड लागला नाही. आपलं नाव कागदावर चढणार आणि त्या धोंड्याचा शेंदूर उतरणार, एवढंच तिच्या डोक्यात.

मास्तर परत आले. "तुमचं खरं निघालं, आजी. बायजाबाई माहेरीच वारल्या. त्यांची भावजय सोनुबाई अजून आहे. तिनं बांधाचंही सगळं सांगितलं."

"बांधाचं? तिला काय ठाव?"

"बायजाबाई मरेपर्यंत तेच सांगत होत्या म्हणे. 'माझ्या भागूनं एकटीनं गाव राखला, माझ्यानं पाण्यात पाय टाकवला नाही. निघताना हे तिला सांगायला गेले, पण ती मान वर करीना.'"

बायजा माहेरी निघाली ती सकाळ भागूबाईच्या डोळ्यांपुढं आली. भागू उखळात भात कांडत होती. मागून हाक आली होती, "भागू, येते गं." तिनं मुसळ जास्तच जोरात आपटलं होतं. ती गोडगोड बोलून सगळ्यांना जिंकते, आपल्याला नाही जिंकायची, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

"मेली!" ती एकदम ओरडली. "मरतानाबी माझ्यापरीस चांगली निघाली!" आणि तोंडावर पदर घेऊन ढसाढसा रडायला लागली. राग होता, हेवा होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाईची मायेनं आठवणही आली होती.

मास्तर बिचारे बोरू हातात धरून खोळंबले. "मग आजी, सोनुबाईनं सांगितलं तसं सगळं लिहू ना?"

भागूबाईनं डोळे पुसले.

"लिवा," ती म्हणाली. "पण मी मान वर केली नाय, तेवढं नका लिवू."